सरळ पट्ट्यावरचे चार सेकंद

१

चार सेकंद चोरीला गेले होते.

ताईंनी वहीतले आकडे पुन्हा एकदा तपासले. आकडा पटला नाही तर आधी आपलंच चुकलं असं धरायचं, ही त्यांची जुनी सवय. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नव्हती. पण चूक सापडली नाही. चार सेकंद खरोखरच गेले होते, आणि तेही सलग तीन महिने.

ताई ट्रॅकच्या कडेच्या खोलीच्या गच्चीवर घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. गळ्यात दोन स्टॉपवॉच, मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही. बारा वर्षांपासून महिन्यातला एक रविवार असाच जायचा. एका पडीक धावपट्टीला वळणं जोडून कुणीतरी हा ट्रॅक केला होता. हौशी माणसांनी आपापल्या गाड्या आणायच्या, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटं मनसोक्त पळवायच्या. शर्यत नाही, बक्षीस नाही. घरी जाताना चेहऱ्यावर शाळा सुटल्यासारखा आनंद, एवढीच कमाई.

खाली त्यांच्या धाकट्या भावाची, बंड्याची टिटवी धापा टाकत येऊन थांबली. टिटवी म्हणजे पंचेचाळीस वर्षांची, हिरवी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. कारखान्यातून आली ती थोडी, आणि बंड्याने वाढवली ती जास्त: मोठे कार्ब्युरेटर, कडक स्प्रिंगा, डोक्यामागे लोखंडी कमान, आणि सगळ्या परिसराला दचकवणारा आवाज. त्या आवाजावरूनच तिचं नाव पडलं.

बंड्याचं चष्म्याचं दुकान होतं. वय एकसष्ट. गिऱ्हाईकं त्याला बंडूशेठ म्हणत. बंड्या म्हणायचा हक्क आता फक्त ताईंकडे उरला होता. तो जिना चढून आला, हेल्मेट काढलं आणि आकडा न विचारताच कठड्याला टेकला.

"बाराच ना?"

"दोन मिनिटं बारा. पूर्वी दोन-आठ यायची."

"वाटलंच." त्याने कपाळ पुसलं. "ताई, तुला सांगायचं राहिलं. आज शेवटचं. पाच वाजता डॉक्टर टिटवी घेऊन जाणार."

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "विकलीस?"

"शब्द दिलाय. साठी उलटली ना आता. पाय जमिनीला टेकेपर्यंत दाबतो, तरी गाडी जात नाही. म्हणजे गाडी तीच, माणूस संपला. लोकांनी हसायच्या आत उठावं."

तो हसत बोलत होता, पण हेल्मेटचा पट्टा बोटांभोवती गुंडाळत होता आणि सोडत होता. लहानपणी पतंग कटला की हा असाच मांजा गुंडाळत बसायचा.

ताईंनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. पाच वाजायला सव्वापाच तास होते.

"बंड्या," त्या म्हणाल्या, "तू संपलेला नाहीस. तुझे चार सेकंद कुणीतरी चोरलेत."

२

"चोरलेत म्हणजे?"

"इकडे बघ." ताईंनी वही पुढे केली. वहीत तारीख, फेरी, वेळ, चालक असे रकाने होते. चालकाच्या रकान्यात पहिल्या पानावर एकदाच 'बंड्या' लिहिलेलं, आणि त्याखाली पानामागून पान, बारा वर्षं, 'वरीलप्रमाणे'च्या दोन-दोन रेघा. "मी नेहमी फेरीचे दोन भाग मोजते. वळणांचा एक, सरळ पट्ट्यांचा एक. वळणांना तू गेल्या वर्षी एकाहत्तर सेकंद घेत होतास. आज किती?"

"एकाहत्तर."

"आणि सरळ पट्ट्यांना सत्तावन्नचे एकसष्ट झाले. माणूस म्हातारा झाला तर आधी वळणावर होतो. तिथे धीर लागतो, नजर लागते. सरळ पट्ट्यावर काय लागतं? नुसतं दाबून धरायचं."

"पण मी पुढच्या वळणाला भिऊन आधीच ब्रेक मारत असेन."

"तुझा ब्रेकचा लाल दिवा अजूनही त्याच अंतराच्या पाटीजवळ लागतो. मी बघितलंय." ताईंनी वही मिटली. "तीन महिन्यांपासून तुला गाडीत काय वेगळं वाटलं, ते सांग. बारीकसारीकही चालेल."

बंड्याने डोकं खाजवलं. सीट जरा पुढे आल्यासारखी वाटते, म्हणाला; पण ते पोट वाढल्यामुळे असेल. मधला आरसा दर वेळी खाली झुकलेला असतो. पण ते धक्क्यांमुळे असेल.

"आणि घरी?"

"घरी काय असणार? बुधवारी दुकानाला गर्दी असते, मी रात्रीच उगवतो. ही बुधवारी पोहायला जाते. बाकी ठीक." तो हसला. "फक्त तुझी वहिनी हल्ली तत्त्वज्ञानी झालीये. परवा आम्ही भाजी आणायला निघालो होतो. मी गाडी वळवतोय, तर म्हणते, अहो, वळणाच्या आत काय बघताय, बाहेर पडायची जागा बघा. मला वाटलं, आयुष्याबद्दल बोलतेय. आदल्याच दिवशी गाडी विकायचं बोललो होतो ना. दिवसभर त्यावर विचार केला मी."

ताई भावजयीला पहिल्यापासून वहिनीच म्हणत. बारा वर्षांत या बाईने ट्रॅकवर पाऊल टाकलेलं नव्हतं. टिटवी हा तिच्या दृष्टीने नवऱ्याला दर महिन्याला होणारा ताप होता.

ताईंनी ते वाक्य वहीच्या मागच्या पानावर जसंच्या तसं लिहून घेतलं.

"ते कशाला?" बंड्याने विचारलं.

"मला आवडलं," ताई म्हणाल्या, आणि खरेदीदाराला गाठायला जिना उतरल्या.

३

दातांचे डॉक्टर आपल्या चांदीच्या रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर बसून सफरचंद खात होते. माणूस सहा फूट, खांदे कपाटासारखे. चार वर्षांपासून ते ट्रॅकवर बंड्याच्या मागे लागलेले होते, आणि मागेच राहिलेले होते.

"डॉक्टर, टिटवी तुम्ही विकत मागितलीत, की त्याने देऊ केली?"

"बसा ना, ताई. मी गेली चार वर्षं मागतोय. गंमत म्हणून. या वेळी ते हो म्हणाले आणि माझीच पंचाईत झाली."

"पंचाईत का? गाडी मिळतेय."

"गाडी मिळतेय, पण पुढे कोण पळणार?" डॉक्टरांनी सफरचंदाचा देठ खिशात टाकला. "पहिल्या वळणाला बंडूशेठची शेपटी पकडायची, एवढ्यासाठी मी महिनाभर लोकांच्या तोंडात वाकून काढतो. गेले तीन महिने मी त्यांना सरळ पट्ट्यावर आरामात मागे टाकतोय. मजा नाही येत. तरी नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या कुणाला देतील. मग विचार केला, ओळखीच्या घरात राहील."

"टिटवीला तुम्ही कधी हात लावलाय?"

"मी त्या सीटमध्ये मावत तरी असेन का? घेतली की आधी सीट काढावी लागेल." मग ते थबकले. "पण एक विचारू? बंडूशेठ इतका सराव करतात, तरी वेळ का घसरली?"

"कसला सराव?"

"बुधवारचा. बुधवारी सकाळी ट्रॅक भाड्याने मिळतो ना. मी दवाखान्यात जाताना खालच्या रस्त्याने जातो. दोनदा टिटवी ऐकली. तो आवाज दुसऱ्या कुठल्या गाडीचा असेल, तर मी माझे सगळे दात काढून देईन."

ताई उभ्या राहिल्या. बुधवारी सकाळी बंड्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत असतो.

मग टिटवी कोण चालवत होतं?

४

टिटवी महिनाभर मिस्त्रींच्या गॅरेजात राहायची. ट्रॅकच्या दिवशी मिस्त्री तिला आणायचे आणि पत्र्याच्या शेडमध्ये तिच्याजवळ बसून राहायचे. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. गाडीशी बोलायचा, माणसांशी बोलायचं असलं की घसा खाकरायचा.

आत्ताही त्यांनी घसा खाकरला. "ताई. काही हवं होतं?"

"टिटवीचं इंजिन थकलंय का, मिस्त्री?"

"कोण म्हणतं?" ते दुखावले. "मागच्याच आठवड्यात चारही सिलिंडरचा दाब मोजला. नव्यासारखा."

"मग कार्ब्युरेटर पूर्ण उघडत नसेल."

मिस्त्रींनी हात पुसले. बॉनेट उघडलं, अ‍ॅक्सिलरेटरची तार इंजिनाजवळ दोन बोटांत धरली आणि ओढली. कार्ब्युरेटरच्या तोंडातली पितळी झडप सरळ उभी राहिली. "बघा. पूर्ण. प्रत्येक वेळी निघण्याआधी तपासतो. माझ्या वडिलांपासूनची पद्धत आहे, तार हाताने ओढायची, डोळ्याने बघायची."

"हाताने," ताई म्हणाल्या.

"हो. हाताला खोटं कळतं."

ताईंनी मान डोलावली आणि चालकाच्या बाजूचं दार उघडलं. मिस्त्री एकदम आडवे आले. "ताई, आत तेल-बिल सांडलंय. साडी खराब होईल."

"धुते मी." त्यांनी वाकून पाहिलं. सांडलेलं काहीच नव्हतं. पायाखाली एक नवी रबरी मॅट होती, काळी, जाड, कोपरे नेटके कापलेले.

"ही कधी घातलीत?"

मिस्त्री टिटवीच्या छताकडे बघू लागले, पण टिटवीला छत नव्हतं. "असेल. दोन-तीन महिने."

"बंड्याने सांगितली?"

"शेठ कशाला सांगतील. मीच. बरी दिसते म्हणून."

बारा वर्षांत मिस्त्रींनी टिटवीवर दिसण्यासाठी म्हणून एक गोष्ट केली नव्हती. उलट वजन कमी व्हावं म्हणून त्यांनी तिचे गालिचे, आतला दिवा आणि हातमोजे ठेवायच्या कप्प्याचं झाकण काढून टाकलं होतं.

ताईंनी मॅटचा कोपरा उचलला. खाली लोकरीच्या जाड नमद्याचा थर होता. तोही उचलला. खालच्या चकचकीत पत्र्यात एका ओळीत दोन आणि त्यांच्यामागे दोन अशी चार ताजी भोकं होती. स्क्रूची.

"मिस्त्री, इथे काय बसवता आणि काय काढता?"

मिस्त्रींनी टोपी काढली, आतून नीट पाहिली, पुन्हा घातली. "ताई, मी शब्द दिलाय. तुम्ही स्वतः शोधून काढलंत तर माझा शब्द मोडणार नाही. पण मी सांगणार नाही."

"शब्द कुणाला दिलात, तेवढं तरी सांगा."

"तुम्ही शोधा," मिस्त्री म्हणाले. पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि ते हसू होतं.

५

ताई मिस्त्रींना बाहेर पाठवून टिटवीत बसल्या. सीटखालच्या पट्टीवर खाचा होत्या. नेहमीच्या खाचेत धूळ नव्हती, तशीच ती सगळ्यांत पुढच्या खाचेतही नव्हती. मधल्या सगळ्या खाचांत मात्र होती. त्यांनी सीट पुढच्या खाचेत सरकवली आणि पाय सोडले.

पाय नेमके पॅडलवर टेकले. फक्त टाच अधांतरी राहिली. टाचेखाली एखादी पाटी असती तर झकास बसली असती. तिथेच ती चार भोकं होती.

म्हणजे बुधवारी ही गाडी चालवणारी व्यक्ती ताईंएवढीच होती, जेमतेम पाच फूट. डॉक्टर बाद. मिस्त्री बाद. टिटवीच्या आसपास एवढ्या उंचीची माणसं दोनच होती. त्यातल्या एक त्या स्वतः, आणि त्यांनी हे केलेलं नव्हतं.

त्यांनी मागच्या पानावरचं वाक्य पुन्हा वाचलं. वळणाच्या आत काय बघताय, बाहेर पडायची जागा बघा. हे आयुष्याबद्दल नव्हतंच. बंड्यानेच बारा वर्षांपूर्वी ट्रॅकवर शिकून आल्यावर ताईंना हे समजावलं होतं. घरात बसून कुणाला सुचायचं नाही.

त्यांनी फोन लावला.

"वहिनी, पोहून आलीस का?"

"आज रविवार ना, वन्सं. पोहणं बुधवारी."

"तेच विचारतेय. बुधवारी पाण्यात साधारण किती वेग गाठतेस?"

पलीकडे नळ बंद झाला. मग सावध आवाज आला, "वन्सं, तुम्ही कुठे आहात?"

"टिटवीत. तुझ्या सीटवर."

"त्यांना कळलं?"

"नाही. त्याला फक्त एवढं कळलंय की तो म्हातारा झाला. म्हणून पाच वाजता गाडी देऊन टाकतोय."

"काय म्हणता? मला म्हणाले होते, विचार करतोय. आजच देणार हे नाही बोलले." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "वन्सं, देवाशप्पथ, मी इंजिनाला काही केलेलं नाही. लाकडी पाटी लावायचे टाचेखाली, एवढंच. पुढच्या महिन्यात त्यांच्या वाढदिवसाला सांगणार होते."

"माहीत आहे. तू आणि मिस्त्रींनी काय केलंत ते मला कळलंय, तुम्हाला दोघांनाच कळलेलं नाही. ये लवकर."

"अर्ध्या तासात पोचते."

"आणि वहिनी, येताना हेल्मेट आण."

६

अर्ध्या तासाने ताईंनी बंड्या, डॉक्टर आणि मिस्त्री या तिघांना शेडमध्ये बोलावलं. त्यांच्या हातात पर्समधली स्टीलची पट्टी होती. त्या पट्टीशिवाय ताईंना कुणी कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीतही ती पर्समध्ये असायची.

"इंजिन ठीक आहे, बंड्या ठीक आहे, तार ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, तार पूर्ण ओढली जाते का, हे तुम्ही बॉनेट उघडून हाताने बघता. पण बंड्या गाडी हाताने चालवत नाही. आता पायाने बघा."

त्यांनी मिस्त्रींना इंजिनाजवळ उभं केलं आणि बंड्याला गाडीत बसवलं. "दाब. टेकेपर्यंत."

बंड्याने दाबलं. मिस्त्री वाकून बघत होते. पितळी झडप फिरली, फिरली, आणि सरळ उभी राहायच्या आधीच थांबली. मिस्त्रींचा चेहरा उतरला.

"अ‍ॅक्सिलरेटर एकंदर पंचावन्न मिलिमीटर खाली जातो," ताई म्हणाल्या. "ही मॅट आणि खालचा नमदा मिळून अठरा. म्हणजे तिसरा हिस्सा. बंड्याचा पाय टेकतो, पण जमिनीला नाही, मॅटला. शेवटचा तिसरा हिस्सा गाडीला तीन महिन्यांत एकदाही मिळाला नाही. वळणांत तो लागतच नाही, लागतो फक्त सरळ पट्ट्यावर. चार सेकंद तिथे गेले."

बंड्या आपल्या पायाकडे बघत राहिला.

"दुकानात लोकांना नजर वाटता," डॉक्टर हळूच म्हणाले, "आणि पायाखालचं..."

"गप्प बसा हो, डॉक्टर. तुम्हाला तरी कुठे दिसलं?"

"हे अनुमान झालं," ताईंनी दोघांना थांबवलं. "आता प्रयोग."

त्यांनी मॅट आणि नमदा काढून मिस्त्रींच्या हातात दिला. बंड्या हेल्मेट घालून निघाला. ताई गच्चीवर गेल्या. पहिली फेरी टायर तापायला. दुसरी फेरी. सरळ पट्ट्यावर टिटवीचा आवाज चढला, आणखी चढला, आणि जिथे तीन महिने थांबत होता तिथून पुढे गेला. खाली डॉक्टर स्वतःच्या नकळत टाळ्या वाजवत होते.

दोन मिनिटं, सात पूर्णांक आठ.

बंड्या परत आला तेव्हा हेल्मेटच्या काचेमागे त्याचे डोळे ओले होते. "ही मॅट घातली कुणी?" त्याने विचारलं.

मिस्त्रींनी घसा खाकरला. "मी. खालची भोकं झाकायला. शेठ, मला वाटलं नाही हो..."

"आणि भोकं कशाची?"

"माझी," मागून आवाज आला.

वहिनी शेडच्या दारात उभी होती. साध्या सलवार-कमीजवर पातळ तळव्याचे बूट, एका हातात पांढरं हेल्मेट, दुसऱ्या हातात रुंद लाकडी पाटी. पाटीच्या चार कोपऱ्यांना चार स्क्रू लोंबत होते.

"तू?" बंड्याने विचारलं. "तुला तर टिटवी बघवत नाही."

"टिटवी आणलीत त्या दिवशी मी म्हटलं, मलाही शिकवा. आठवतंय काय म्हणालात? तुझे पाय पोचायचे नाहीत." ती टिटवीजवळ आली. "बारा वर्षं रविवारी मी घरात तुमच्याशिवाय जेवले. मुलं होती तेव्हा ठीक होतं. आता नाही. रागावून गाडी विकायला लावू शकले असते. पण मला गाडी नको होती असं नाही ना. मला अर्धा रविवार हवा होता."

मिस्त्रींनी पुन्हा टोपीच्या आत काहीतरी शोधायला घेतलं.

"म्हणजे वळणाच्या बाहेर बघा म्हणालीस, ते..."

"रस्त्याबद्दल म्हणाले. तुम्ही आत बघत होतात."

बंड्या उतरला. बायकोकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि चेहरा पुन्हा पडला. "पण मी शब्द दिलाय गं. पाच वाजता यांना..."

"कसला शब्द?" डॉक्टर म्हणाले. "मी दोन-बारावाली गाडी घ्यायला तयार झालो होतो. ही दोन-सातवाली आहे. ठरलेला माल नाही हा. सौदा मोडला." त्यांनी खिशातून सफरचंद काढलं. "पुढच्या महिन्यात मला पुन्हा मागे टाका, म्हणजे फिटलं."

मिस्त्रींनी तोवर पाटी बसवायला घेतली होती. स्क्रू ज्या वेगाने फिरत होते त्यावरून हे काम त्यांनी बऱ्याच बुधवारी केलं असावं. वहिनीने सीट पुढे ओढली, आरसा खाली झुकवला आणि पट्टे आवळले. शेजारच्या सीटवर बंड्या गुडघे छातीशी घेऊन बसला. बारा वर्षांत त्या बाजूने टिटवी कशी दिसते, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

ताई गच्चीवर चढल्या. टिटवी निघाली. पहिल्या वळणाला ती सावकाश शिरली, पण रेषा अगदी स्वच्छ होती. सरळ पट्ट्यावर आवाज चढत गेला, आणि त्यावरून बंड्याचं ओरडणंही ऐकू आलं. ते भीतीचं होतं की आनंदाचं, हे इतक्या अंतरावरून मोजण्याचं साधन ताईंकडे नव्हतं.

दोन मिनिटं एकोणपन्नास.

त्यांनी तारीख लिहिली, फेरी लिहिली, वेळ लिहिली. चालकाच्या रकान्यात हात सवयीने दोन रेघा मारायला गेला आणि थांबला. मग त्यांनी बारीक, नीटस अक्षरांत लिहिलं, 'वहिनी'.

खाली टिटवी न थांबता दुसऱ्या फेरीला गेली. ताईंनी पुढच्या ओळीवर दोन रेघा मारल्या आणि घड्याळ पुन्हा सुरू केलं.